बेलीफसाहेब पळत आले

बुलढाण्यात मी पहिल्यांदा खोली भाड्यानं घेतली तेव्हा घरमालकांनी मला खोली दाखवलीच नाही. अंगणात उभं राहून, एक हात कमरेवर ठेवून, त्यांनी तिच्या चतुःसीमा सांगितल्या. "पूर्वेस आमचं सैपाकघर, पश्चिमेस गल्ली, उत्तरेस शेजाऱ्याचा गोठा, दक्षिणेस कडुनिंब. या हद्दीच्या आत तुम्ही राजे, मास्तर. पूर्वेची हद्द ओलांडली तं जेवूनच जावं लागन."

मी ती पहिल्याच संध्याकाळी ओलांडली.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंकोरं होतं आणि मीही. शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो, अंगात नाटकं होती आणि डोक्यावर केस होते. घरमालक होते दिवाणी कोर्टातून निवृत्त झालेले बेलीफ. ज्यांचा कोर्टाशी कधी संबंध आला नाही अशा पुण्यवान वाचकांसाठी सांगतो: दाव्यात ज्याचं नाव येतं त्याच्या गावी जाऊन त्याच्या हातात समन्स ठेवणारा माणूस म्हणजे बेलीफ. इसम सापडला नाही तर कागद दाराला डकवायचा आणि पंचांच्या सह्या घेऊन परत यायचं. आमच्या घरमालकांनी सगळी हयात हेच केलं. गल्लीत, बाजारात आणि स्वतःच्या घरातसुद्धा त्यांना बेलीफसाहेबच म्हणत. त्यांचं खरं नाव मी सांगणार नाही. नाव घेतलं की माणूस हजर झाला असं धरतात, हे त्यांनीच मला शिकवलं.

कोर्टातला पुकारा त्यांच्या गळ्यात कायमचा राहून गेला होता. सकाळी चहा झाला की ओसरीत उभे राहून ते माझ्या नावाचे तीन पुकारे करत. तिसऱ्या पुकाऱ्यापर्यंत मी पोचलो नाही तर माझा चहा स्वतः पिऊन टाकत आणि नंतर गंभीर चेहऱ्यानं कळवत, की तुमच्या गैरहजेरीत एकतर्फी निकाल झाला. त्यांच्या बायकोलाही, म्हणजे आमच्या काकूंनाही, तीच वागणूक होती. फक्त काकू तिसऱ्या पुकाऱ्याला चुलीपासूनच "गैरहजर" असं उत्तर देत आणि भाकरी थापत राहत.

पण हे सगळं किरकोळ. बेलीफसाहेबांची पंचक्रोशीत जी ख्याती झाली ती पळण्यामुळे.

आता शहरांतून माणसं तब्येतीसाठी पळतात असं ऐकतो. त्या काळी आमच्याकडे पळायची कारणं ठरलेली होती. बैल सुटला, कडब्याची गंजी पेटली, एस.टी. निघाली, नाहीतर कोणी गेलं. चौथं कारण सगळ्यांत पक्कं. माणूस पळत वेशीतून आत शिरला की बायकांचा पदर आपोआप तोंडाशी जायचा. असं असताना एक पेन्शन खाणारा गृहस्थ धोतराचा काचा मारून, पायात खडूनं पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट घालून, भल्या सकाळी देऊळघाटच्या रस्त्यानं पळत सुटतो, याचा अर्थ लावताना लोकांची तारांबळ उडणारच. पहिल्या आठवड्यात तर दोघा-तिघांनी त्यांना आडवं येऊन धरलं आणि प्रेमानं विचारलं, की एस.टी. कोणती चुकली.

मीही विचारलं. त्यांनी आधी मला उडवून लावलं: "नोकरीत चाललो, पेन्शनीत पळतो." मग एका सकाळी नाल्याच्या काठावर दम खाताना खरं काय ते सांगितलं.

"मास्तर, या भागातलं एक गाव मी पाह्यलं नाही. गेलो सगळ्याइत. पण बेलीफ आला म्हणलं की गावात काय दिसते? बंद दार अन् पळत्या माणसाची पाठ. माही चाल लोकायले दोन वावरांवरून ओळखू ये. बगलेत दप्तर अन् पाय फाकलेले. मंग म्हणलं, आता चालच बदलून टाकू. पळत गेलं तं त्यायनं ओळखेपर्यंत मी गावात असन."

मला त्यांनी सोबतीला घेतलं ते माझ्या सायकलीमुळे. पुढे ते पळत, मागे मी हळूहळू पायडल मारत, आणि कॅरिअरला त्यांचं कोरडं धोतर, उपरणं आणि काकूंनी बांधून दिलेली भाकरी. पळणं म्हणजे फार वेग नव्हता. चालणाऱ्यानं बाजूला व्हावं आणि बैलगाडीवाल्यानं हसावं, इतपत. पण त्या सकाळी आठवल्या की आजही मी सुखावतो. पठारावरची बोचरी हवा, उताराला लागल्यावर दिसणारं पैनगंगेचं पातळसं पाणी, दोन्ही बाजूंनी बोरी-बाभळी असलेल्या पांदणवाटा, दवानं वाकलेली ज्वारी. गाडीवाटेच्या मधल्या गवतावरून ते पळत आणि चाकोरीतून मी. बुटांचा फटफट आवाज आणि माझ्या साखळीची कुरकुर.

रस्त्यांना त्यांनी नावं दिलेली होती ती दाव्यांवरून. "आज चिंचेच्या झाडावर जाऊ" म्हणजे ज्या गावात चिंचेच्या झाडासाठी दोन घरं भांडली तो रस्ता. एक रस्ता होता "दोन जावांची विहीर", एक "पडलेली भिंत". मी इतिहासाचा मास्तर. जुन्या गावाची वेस, गढी, पाण्याची बारव असं काही दिसलं की सायकल थांबवून विचारायचो, हे कोणी बांधलं असेल? ते सांगत, "बांधलं कोणी ते ठाव नाही. पण या वेशीच्या उजव्या जोत्यावर कोणी कडबा ठेवायचा याचा दावा हायकोर्टापर्यंत गेला."

मग एकदा अशाच एका वेशीखाली ते वर बघत राहिले. कमानीच्या टोकाला दगडात एक लहानसा हत्ती कोरलेला होता. सोंड वर, कान पसरलेले. "याच खांबाले टेकून मी किती कागद लिवले असतीन," ते म्हणाले. "अन् हा लेकाचा वरून पाहून राह्यला होता." त्या दिवशी त्यांनी परत येईपर्यंत तीनदा तरी हत्तीचा विषय काढला.

गावांनी मात्र त्यांचं हे नवं रूप सहजासहजी स्वीकारलं नाही. डोंगराच्या कुशीतल्या एका लहान गावात दोन सख्खे भाऊ धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, वर्षानुवर्षं कोर्टात होते. एकमेकांच्या घरचं लग्न त्यांनी कौलांवरून पाहिलं होतं. त्या सकाळी दोघं आपापल्या वावरात होते आणि दोघांनाही एकाच वेळी बेलीफसाहेब पळत येताना दिसले. थोरल्यानं काय विचार केला तो त्यानं पुढे स्वतःच मला सांगितला. साधा कागद असता तर माणूस चालत आला असता. पळत येतो आहे म्हणजे कोर्टाची सहनशक्ती संपली. आता दोघांचीही वावरं सरकारजमा.

आम्ही नाला ओलांडून वर आलो तर दोघे भाऊ भांडणाच्या धुऱ्यावर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे. थोरला म्हणाला, "साहेब, आमच्यात वाद नाही. तुम्ही भलत्याच घरी येऊन राह्यले."

बेलीफसाहेबांनी पळता पळताच रामराम केला आणि पुढे गेले. थांबले असते तर कदाचित गोष्ट तिथंच निवळली असती. पण न थांबता गेलेला बेलीफ त्या दोघांनी जन्मात पाहिला नव्हता. ते इतके घाबरले, की दुसऱ्या दिवशी एकाच गाडीत बसून बुलढाण्याला आले आणि दावा काढून घेतला.

ही बातमी पसरल्यावर एका संध्याकाळी एक वकीलसाहेब ओसरीवर आले. चहा घेतला, हवापाण्याचं बोलले आणि निघताना फार गोड आवाजात म्हणाले, "बेलीफसाहेब, तुम्ही पळा. पळायला आमची हरकत नाही. पण जरा घाट उतरून मलकापूरच्या बाजूनं पळा. तिकडं माझे पक्षकार नाहीत."

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आमच्या या सगळ्या रस्त्यांत मला एक विचित्र गोष्ट दिसायला लागली होती. देऊळघाट ओलांडून धाडच्या रस्त्याला लागलं की डावीकडे एक फाटा फुटायचा. चांगला रुंद, गाड्यांनी मळलेला. तिथं आलं की बेलीफसाहेब रस्त्याची उजवी बाजू धरत आणि मान पार उजवीकडे वळवून पळत, जणू काही त्या बाजूच्या कपाशीच्या पराटीत त्यांचं काही हरवलं आहे. विचारलं तर म्हणाले, तिकडचा रस्ता खराब आहे. त्याच क्षणी त्या रस्त्यानं एक म्हातारी डोक्यावर दह्याचं मडकं घेऊन, हात न लावता, आमच्याकडे आली.

खुलासा काकूंनी केला. त्या फाट्यावरच्या गावात बेलीफसाहेबांची थोरली बहीण दिलेली होती. अक्का. आई लवकर गेल्यामुळे अक्कांनीच त्यांना वाढवलेलं. एका भाऊबीजेला ते तिकडे गेले असताना भाचे-भाच्या लपाछपी खेळत होते, आणि पोरांनी मामाला घरातली सगळ्यांत पक्की जागा दाखवली: आतल्या खोलीत, कणगीच्या मागं, भिंतीतला कोनाडा. पंधरवडाही उलटला नसेल, तोच अक्कांच्या मालकांच्या नावानं समन्स निघालं. चुलतभावाशी विहिरीचा वाद होता. ते गाव बेलीफसाहेबांच्याच हद्दीत. दुसऱ्या कोणाला पाठवता आलं असतं, पण यांनी म्हटलं, काम ते काम. हे वेशीत दिसताच भाऊजी आत लपले. बेलीफसाहेबांनी वहाणा काढल्या, सरळ आतल्या खोलीत गेले, कणगीमागं हात घातला आणि कागद दिला.

"अक्कानं एवढंच म्हणलं," काकू म्हणाल्या, "की ओवाळलं होतं भावाले, अन् आला बेलीफ. तेव्हापासून दार बंद."

गंमत म्हणजे विहिरीचा वाद केव्हाच मिटला होता. भाऊजींचाही राग राहिला नव्हता. धाडच्या बाजारात दोघं मेहुणे भेटत, एका पुड्यातली भजी खात आणि अक्कांना कळू नये म्हणून वेगवेगळ्या वाटांनी परत जात. अडून बसल्या होत्या त्या फक्त अक्का. बेलीफसाहेब दोन-तीनदा गेले होते. अक्कांनी घराच्या गच्चीवजा धाब्यावरून त्यांची चाल ओळखली आणि ते पोचायच्या आत कडी घातली.

"हे काही गावं पाहायले पळून नाही राह्यले, मास्तर," काकू भाकरी उलटत म्हणाल्या. "त्या एका गावाच्या भोवती चकरा मारून राह्यले. तिथं जायची हिंमत होत नाही."

दिवाळी तोंडावर आली होती. अंगणात काकूंनी सारवण केलं होतं. त्या सकाळी बेलीफसाहेबांनी मला सांगितलं की आज चिंचेच्या झाडावर जायचं. आम्ही निघालो, देऊळघाट मागं पडलं, फाटा आला, आणि त्यांनी रस्त्याची उजवी बाजू धरलीच नाही. डावीकडे वळले. मी हाक मारली तर त्यांनी मागं न बघता हात हलवला आणि वेग वाढवला. इतक्या जोरात पळताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला पहिल्यांदाच सायकलवर उभं राहून पायडल मारावं लागलं.

वेशीबाहेरच्या विहिरीवर बायका पाणी शेंदत होत्या. एकीनं पाहिलं, दुसरीला कोपर मारलं. अक्काचा भाऊ. इतक्या वर्षांनी. पळत. आणि मागं सायकलवर एक मास्तर, कॅरिअरला पांढरं धोतर घेऊन. याहून जास्त पुरावा कोणालाच लागला नसता. पहिला हंबरडा तिथंच फुटला, आणि गल्लीच्या वळणावळणावरून दुसरा, तिसरा असा पुढे सरकत गेला. आम्ही अक्कांच्या दारात पोचायच्या आधी रडणं पोचलं होतं.

अक्का उंबऱ्यात उभ्या होत्या. दार सताड उघडं. बारीक चणीची, ताठ पाठीची बाई. त्यांनी भावाला पाहिलं आणि धावत येऊन गळ्यात पडल्या. "कोण गेलं रे? वहिनी गेली का? सांग ना, कोण गेलं?"

बेलीफसाहेबांना सांगायचं होतं, यात शंका नाही. पण त्यांना दम लागला होता. छाती भात्यासारखी हलत होती आणि तोंडातून शब्द येत नव्हता. त्यांनी नाही-नाही म्हणून जोरजोरात मान हलवली. ती पाहून जमलेल्या बायांना आणखीच भडभडून आलं. मी सायकल टाकून "अहो, ऐका" म्हणत पुढे झालो, तर दोघा वडीलधाऱ्यांनी मला दंडाला धरून ओट्यावर बसवलं, पाण्याचा तांब्या हातात दिला आणि समजावलं, की रडून घ्या पाहुणे, लाजू नका. एक जाडजूड आजी तर मृताचे गुण सांगून रडायला लागली होती. कोण गेलं ते कळलं नव्हतं तरी गुण बरोबर चालले होते. आत चूल विझवली गेली. मरणाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारणी आपापल्या घरी पिठलं टाकायला पळाल्या.

अखेर बेलीफसाहेबांना श्वास सापडला.

"कोणी नाही गेलं, अक्का."

रडणं थांबायलाही जरा वेळ लागतो. ते टप्प्याटप्प्यानं थांबलं. सगळ्यांत शेवटी आजी थांबली, तीही अर्ध्या वाक्यात.

अक्कांनी भावाच्या खांद्यावरून डोकं उचललं. हात मात्र अजून गळ्यातच होते. "मंग काऊन पळत आला?"

"चालत आलो असतो तं तू कडी लावली असती."

अक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला दिसत होतं की त्यांना रागवायचं आहे. पण साऱ्या गावासमोर भावाच्या गळ्यात पडून झाल्यावर, त्याच गळ्यातून हात काढून पुन्हा रुसायचं कसं, याची रीत त्यांना कोणी शिकवलेली नव्हती. त्यांनी एक हात सोडवला, भावाच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला आणि तो हात तिथंच राहू दिला.

एवढ्यात शेजारणी टोपल्या घेऊन आल्या. मेलं कोणीच नव्हतं, पण पिठलं-भाकरी तर झालेली. मग कणगीच्या खोलीत पंगत बसली. भाऊजी वावरातून घाबरेघुबरे आले आणि मेहुण्याला जिवंत, जेवताना पाहून आधी चिडले, मग शेजारीच बसले. आजी मात्र मनापासून नाराज होती. एवढ्या वर्षांत इतकं चांगलं रडणं तिला जमलं नव्हतं आणि ते फुकट गेलं, असं तिचं म्हणणं होतं.

परत येताना मी विचारलं, "बेलीफसाहेब, खरं सांगा. पळत वेशीत शिरलं की काय होतं हे तुम्हाला माहीत होतं ना?"

ते चालत होते. पिठलं फार झालं होतं. मान पार उजवीकडे वळवून म्हणाले, "याचा पुरावा नाही, मास्तर."

त्या वर्षीच्या भाऊबीजेला ते धोतर-टोपी घालून, एस.टी.नं, नीट माणसासारखे गेले. पण पळणं अक्कांनी बंद केलं नाही. फक्त एक हुकूम काढला. पळत यायचं तर वेशीबाहेर थांबून आधी ओरडून सांगायचं, मगच आत पाऊल टाकायचं. बायाबापड्यांच्या जिवाला घोर नको. तेव्हापासून दर रविवारी त्या गावच्या वेशीखाली कोर्टाचा पुकारा घुमायला लागला: "सगळे जित्ते हायेत हो." आतून कोणीतरी "या या" म्हणायचं आणि बेलीफसाहेब वेग पकडायचे. मुक्कामाला आलेले पाहुणे दचकत. गावाला सवय झाली.

एका थंडीत त्यांचा घसा बसला. काकूंनी हळद घातलेलं दूध पाजलं, पळायला जाऊ नका म्हणून विनवलं. पण रविवार होता. वेशीपाशी पोचल्यावर ते थांबले, छाती भरून घेतली, तोंड उघडलं आणि फक्त हवा बाहेर आली. पुन्हा प्रयत्न केला. हवाच. हुकूम मोडून आत जायची त्यांची छाती नव्हती. ते वेशीजवळच्या दगडावर बसले आणि माझ्याकडे पाहायला लागले.

मला कोणी असं पाहिलं की राहवत नाही. मी सायकल भिंतीला लावली, कमानीच्या मधोमध उभा राहिलो, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनांत कमावलेल्या आवाजात, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं, म्हणालो, "सगळे जित्ते हायेत हो."

फार सुंदर घुमलं. मी आणखी एकदा, हात पसरून म्हटलं.

आतून कोणी "या" म्हणालं नाही. मग गल्लीच्या टोकाला अक्का दिसल्या. पळत येत होत्या. हाताला पीठ, पदर खांद्यावरून सुटून मागं लोळत होता. साठी केव्हाच ओलांडलेली ती ताठ बाई इतकी वेडीवाकडी पळत होती, की ओट्यांवरची माणसं उठून उभी राहिली.

बेलीफसाहेब दगडावरून ताडकन उठले. चेहरा पांढराफटक. उरलेल्या सगळ्या घोगऱ्या आवाजानिशी ते कसेबसे म्हणाले, "कोण गेलं?"

अक्कांनी त्यांना पाहिलं आणि जागच्या जागी थबकल्या. वेशीच्या दगडाला हात टेकला. त्यांनाही आधी दम घ्यावा लागला.

"तू," त्या म्हणाल्या. "मले वाटलं तूच गेला. दुसऱ्याचा आवाज आला ना."

बेलीफसाहेबांनी पुन्हा छाती भरून घेतली. पुकाऱ्यासाठी मान वर केली. अक्कांनी पिठाचा हात त्यांच्या तोंडावर ठेवला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "दिसलं मले."